शिजलेलें हाड

शनिवारीं मुंबईहून खंडाळ्यास आलेलें कुटुंब रविवारीं दुपारीं बंगल्याच्या व्हरांड्यांत जेवावयास बसतें. मटणाचा रस्सा झालेला असतो, बाहेर पाऊस लागलेला असतो, आणि घरचा कुत्रा पाहुण्यांच्या पायांत घोटाळत असतो. ताटें उचलतांना हाडांची एक ताटली खालीं राहून जाते, किंवा कोणी पाहुणा प्रेमानें एखादी नळी त्याच्यापुढें टाकतो, आणि घरांतील मूल ओरडतें, “त्यानें हाड गिळलें!” यापुढच्या पांच मिनिटांत घरांत जें घडतें, त्यावर पुष्कळ वेळां हाडापेक्षांहि अधिक अवलंबून असतें. एकजण कुत्र्याच्या घशांत बोटें घालूं पाहतो, दुसरा मिठाचें पाणी कालवितो, तिसरा एरंडेलाची बाटली शोधतो, आणि चौथा “कुत्र्याचा जन्मच हाडें खाण्यासाठीं आहे” असें सांगून सर्वांस गप्प बसवितो. चौघांचाहि हेतु चांगला असतो. आणि चौघेहि चुकत असतात.

चौथ्याचें म्हणणें प्रथम तपासून पाहावें, कारण तेंच सर्वांत अधिक प्रचलित आहे. हाडाची घडण दुहेरी असते. चुना आणि स्फुरद यांच्या क्षारांमुळें त्यास कठीणपणा येतो, तर कोलॅजन नांवाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंमुळें लवचिकपणा येतो. सुक्या हाडाच्या वजनांत क्षारांचा वांटा सुमारें दोन-तृतीयांश असतो व उरलेला बहुतेक भाग या तंतूंचा असतो. हाड शिजविलें म्हणजे कोलॅजन विघटून त्याचें जिलेटिन होऊं लागतें. पायाचें सूप निवल्यावर जो थलथलीत थर धरतो तो यामुळेंच. तंतूंचा जोर असा कमी झाला, हाडांतील पाणी उडालें, कीं मागें उरतो तो मुख्यतः क्षारांचा ठिसूळ सांगाडा. ओली फांदी वांकविली तर लवते. वाळलेली काटकी मोडते आणि मोडतांना तिला टोंक येतें. कच्च्या आणि शिजलेल्या हाडांत हाच भेद आहे. कोंबडीच्या तंगडीचें हाड आंतून पोकळ व भिंतीनें पातळ असल्यानें तें भट्टींत भाजलें म्हणजे दाढेखालीं उभें चिरतें. उलटपक्षीं, कुकरमध्यें फार वेळ राहून भुसभुशीत झालेलें हाड टोंचत नाहीं. परंतु त्याचा भुगा आंतड्याच्या शेवटच्या भागांत जमून चुन्यासारखा घट्ट गोळा बनतो. कच्चें हाड तरी सर्वस्वीं निर्धोक असतें असें नव्हे, कारण त्यानें दाढा फुटतात व जंतूंची बाधाहि होऊं शकते. तात्पर्य, ज्या हाडाच्या भरंवशावर हा चौथा गृहस्थ बोलत असतो, तें हाड आणि ताटांतलें हाड एक नव्हे.

तथापि घाबरून जाण्याचेंहि कारण नाहीं. कुत्र्याच्या जठरांतील आम्ल अतिशय तीव्र असतें. त्यांत हाडाचे क्षार विरघळूं लागतात, कडा बोथट होतात, आणि लहानसहान तुकडे बहुधा कांहीं उपद्रव न देतां दोन-तीन दिवसांत बाहेर पडतात. संकट येतें तें हाड वाटेंत अडकलें अथवा त्यानें कोठें भोंक पाडलें म्हणजे. यासाठीं घरच्या माणसांनीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो “काय द्यावें?” हा नव्हे, “हाड कोठें आहे?” हा होय. तोंड, श्वासाची वाट, अन्ननलिका आणि पोट, अशा चार जागा आहेत, आणि प्रत्येक जागेचें वर्तन निराळें आहे.

तोंडापासून आरंभ करावा. हाड अजून कुत्र्याच्या दांतांत असेल तर तें हिसकावूं नये. ओढाताण सुरू होतांच कुत्रा उरलेला तुकडा घाईनें, न चावतां गिळतो, आणि साधें प्रकरण अवघड होऊन बसतें. त्याऐवजीं उकडलेलें अंडें, चीजचा तुकडा असें कांहीं अधिक आवडीचें दाखवून त्याच्याकडून हाड सोडवून घ्यावें. कधीं कधीं हाडाचा तुकडा वरच्या दाढांच्या दोन रांगांमध्यें टाळूला आडवा बसतो, किंवा नळीचें गोल कडें खालच्या जबड्यांत सुळ्यांच्या मागें अडकून राहतें. अशा वेळीं कुत्रा पंजानें तोंड ओरबाडतो, लाळ गाळतो, डोकें झाडतो. तुकडा स्पष्ट दिसत असेल, हातीं लागण्याजोगा असेल आणि कुत्रा शांत असेल, तर एकानें त्यास धरावें व दुसऱ्यानें बोथट चिमट्यानें तुकडा काढावा. जबड्यांत बसलेलें कडें मात्र ओढूं नये. तें गुंगीचें औषध देऊन पशुवैद्यानेंच कापून काढावयाचें असतें. जें दिसत नाहीं त्यासाठीं बोटें घशांत घालणें तर सर्वथा वर्ज्य, कारण त्यानें तुकडा आणखी आंत लोटला जातो.

हाड श्वासाच्या वाटेंत अडकलें तर मात्र क्षणाचाहि विलंब परवडत नाहीं. अशा कुत्र्याच्या तोंडून आवाज निघत नाहीं अथवा केवळ शीळ घातल्यासारखा निघतो. जीभ व हिरड्या निळसर होतात. तो सैरभैर होऊन थोड्याच वेळांत कोसळतो. तोंड उघडून तुकडा दिसत असेल तर काढावा. न दिसल्यास लहान कुत्र्याची पाठ स्वतःच्या पोटाशीं टेकवून त्यास उभें धरावें. मोठ्या कुत्र्याच्या मागें गुडघे टेकून त्याच्या पोटाभोंवतीं हात घालावेत. बरगड्या संपतात त्याच्या लगेच मागें मूठ ठेवून आंत व डोक्याच्या दिशेनें पांच वेळां झटक्यानें दाब द्यावा आणि पुन्हां तोंडांत पाहावें. खांद्यांच्या मध्यें तळहातानें चार-पांच थापा मारल्यानेंहि कधीं तुकडा सुटतो. तुकडा निघून श्वास चालूं झाला तरी त्याच दिवशीं पशुवैद्यास दाखवावें, कारण आंतील इजा बाहेरून दिसत नाहीं.

येथेंच एका गोष्टीची सूचना देणें अगत्याचें आहे, कारण तींत कुत्र्याच्या नव्हे तर माणसाच्या प्राणाचा प्रश्न आहे. “कुत्र्याच्या घशांत हाड अडकलें आहे” असा समज करून देणारा एक भयंकर रोग आपल्या देशांत आहे. तो म्हणजे अलर्क, ज्याला व्यवहारांत कुत्रा पिसाळणें म्हणतात. पिसाळलेला कुत्रा नेहमींच धांवून चावतो असें नाहीं. या रोगाच्या मुक्या प्रकारांत खालचा जबडा लुळा पडून लोंबतो, लाळ गळते, घोट उतरत नाहीं, आवाज बदलतो. आणि पाहणाऱ्यास हाडाचाच संशय येऊन तो सद्भावानें त्याच्या तोंडांत हात घालतो. खंडाळ्याच्या बाजारांत, पॉइंटांवर आणि बंगल्यांच्या फाटकांशीं उष्ट्यावर जगणारे कुत्रे पुष्कळ; त्यांची कणव येऊन हात पुढें होणें साहजिक आहे. म्हणून नियम असा ठेवावा कीं, ज्यास हाड खातांना कोणी पाहिलें नाहीं, किंवा ज्यास अलर्काची लस वेळेवर टोंचल्याची खात्री नाहीं, अशा कुत्र्याच्या तोंडाला उघड्या हातानें स्पर्श करूं नये. त्याचा दांत लागला अथवा लाळ जखमेवर, डोळ्यांत वा तोंडांत गेली, तर त्वचेवरील जागा साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, डोळे व तोंड नुसत्या स्वच्छ पाण्यानें धुवावें, आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठून लस सुरू करावी. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगांतून मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें. त्याआधीं योग्य उपचार वेळेवर झाले तर तो टाळतां येतो.

आतां अन्ननलिका. ही जागा सर्वांत फसवी आहे, कारण येथें हाड अडकलेला कुत्रा श्वास घेत असतो, चालतो, कधीं शेपूटहि हालवितो. आणि घरचीं माणसें “सकाळपर्यंत पाहूं” असें म्हणतात. अन्ननलिका तीन ठिकाणीं फारशी ताणली जात नाहीं: छातीच्या प्रवेशद्वारापाशीं, हृदयाच्या वरच्या बाजूस, आणि पोटाच्या पडद्याच्या अलीकडे. हाड बहुधा या तीन जागीं थांबतें. लहान जातीच्या कुत्र्यांत हें अधिक आढळतें. कुत्रा वारंवार घोट गिळतो, मान लांब करतो, ओठ चाटतो, लाळ गाळतो, अस्वस्थपणें जागा बदलतो. आणि पाणी किंवा अन्न घेतल्याबरोबर तें न पचतां जसेंच्या तसें बाहेर येतें. अडकलेल्या हाडाचा दाब एकाच जागीं पडत राहिल्यानें तेथील रक्तप्रवाह थांबतो, व्रण होतो, आणि शेवटीं भोंक पडून छातीच्या पोकळींत पू होतो. जितके तास जातात तितका हा धोका वाढतो. तेव्हां हीं लक्षणें दिसतांच अन्न, पाणी, तेल कांहींहि न देतां कुत्र्यास रुग्णालयांत न्यावें. ही सकाळपर्यंत थांबण्याची गोष्ट नव्हे.

चौथी जागा पोट. हाड खालीं गेलें, कुत्रा स्वस्थ आहे, लाळ नाहीं, ओकारी नाहीं, अशी स्थिति असेल तर तें बहुधा जठरांत पोंचलें असें समजावें. घरगुती उपायांना ऊत येतो तो याच वेळीं. पहिला उपाय ओकवून काढण्याचा. जें टोंकदार हाड एकदां सुखरूप खालीं उतरलें, त्यास पुन्हां त्याच नाजूक वाटेनें जोरानें वर आणणें म्हणजे इजेला आमंत्रण देणें होय. त्यासाठीं मिठाचें पाणी पाजणें तर दुहेरी घातक आहे. त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण वाढून झटके येतात व मृत्यूहि ओढवूं शकतो. दुसरा उपाय एरंडेलाचा किंवा तुपाचा. बळेंच ओतलेलें तेल फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होतो, आणि रेचकानें कळ मात्र वाढते. तिसरा उपाय माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या जठरास व्रण होतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. चौथा उपाय भाताचा गोळा किंवा पाव खाऊं घालून हाडाभोंवतीं गादी करण्याचा. हा उपाय मात्र सरसकट टाकाऊ नाहीं. कुत्रा पूर्ण स्वस्थ असेल आणि पशुवैद्यानें दूरध्वनीवरून संमति दिली असेल, तर मऊ भाताचा लहानसा घांस देण्यास हरकत नसते. पण ओकारीची उमळ असलेल्या कुत्र्यास तोच घांस अडचणीचा होतो, आणि गुंगी द्यावयाची वेळ आली तर भरलेलें पोट अधिक धोक्याचें ठरतें. म्हणून आधीं विचारावें, मग द्यावें.

मराठी स्वयंपाकघराच्या बाबतींत आणखी एक गोष्ट विसरून चालत नाहीं. कुत्रा हाड एकटेंच खात नाहीं. त्याबरोबर रस्सा, चरबी आणि वाटणहि खातो. भाजलेला, शिजलेला, वाटलेला कोणत्याहि रूपांतला कांदा, व तसाच लसूण, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. वजनाच्या दर किलोमागें पंधरा ते तीस ग्रॅम कांदा अपायकारक ठरूं शकतो. म्हणजे पांच किलोच्या कुत्र्यास एक मध्यम कांदा पुरेसा होतो. त्याचा परिणाम त्याच दिवशीं दिसत नाहीं. कांहीं दिवसांनीं हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस होते, कुत्रा थकून पडून राहतो. त्याचप्रमाणें फार चरबी खाल्ल्यानें स्वादुपिंडास सूज येऊन ओकाऱ्या व तीव्र पोटदुखी सुरू होते. हाड निघून गेलें म्हणजे सर्व संपलें असें म्हणूनच मानूं नये. शिवाय बंगल्याच्या अंगणांत शेगडीवर भाजलेल्या मांसाबरोबर बांबूची काडीहि गिळली गेली नाहीं ना, याची चौकशी अवश्य करावी. तसली काडी आम्लांत विरघळत नाहीं, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत सहसा दिसतहि नाहीं.

पशुवैद्याशीं बोलण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्या: हाड कोणत्या प्राण्याचें व केवढें, तें कसें शिजविलेलें, किती वाजतां गिळलें, आणि कुत्र्याचें वजन किती. ताटलींत उरलेलें तसलेंच हाड बरोबर ठेवावें. या माहितीवरून पुष्कळदां दूरध्वनीवरच ठरतें कीं कुत्र्यास लगेच आणावयाचें कीं घरीं ठेवून पाहावयाचें.

खंडाळ्यांत हा निर्णय शहरापेक्षां लवकर घ्यावा लागतो. १८६३ सालीं लोहमार्ग बोर घाट चढून वर आला आणि मुंबईकरांस हें गांव हांकेच्या अंतरावर आलें; २००२ सालीं पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गानें तें अंतर आणखी कमी झालें. परंतु हें झालें मोकळ्या रस्त्याचें अंतर. पुणें येथून सुमारें सत्तर किलोमीटर व मुंबई सुमारें शंभर किलोमीटर. आणि रविवारच्या संध्याकाळीं घाटांत गाड्यांची जी रांग लागते, तिला आजारी कुत्र्याची दया येत नाहीं. पावसाळ्यांत दरडींचें भय असतेंच. २०१५ च्या जुलैंत आडोशी बोगद्यापाशीं दरड कोसळून द्रुतगती मार्गावरील वाहतूक खोळंबली होती. तेव्हां प्रथम लोणावळ्यांतील जवळच्या पशुवैद्यास गांठावें आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयांत जाण्याची गरज आहे काय, हें त्यास स्पष्ट विचारावें. गरज असेल तर संध्याकाळची गर्दी होण्यापूर्वींच निघावें, व निघतांना त्या रुग्णालयास आगाऊ कळवावें. मुंबईच्या बाजूस परळला प्राण्यांच्या उपचारांची जुनी परंपरा आहे. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें पशुरुग्णालय तेथें एकोणिसाव्या शतकांतच उभें राहिलें, आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभहि तेथेंच १८८६ सालीं झाला. घाटाच्या वळणांवर कुत्र्यास मांडीवर न घेतां मागच्या आसनावर घडी घातलेल्या जाड चादरीवर निजवावें, एकानें त्याच्याजवळ बसावें, आणि वाटेंत कांहीं खाऊं घालूं नये.

रुग्णालयांत क्ष-किरणांचें चित्र काढतात. जाड हाड त्यांत स्पष्ट दिसतें; कोंबडीचें बारीक हाड व माशाचा कांटा मात्र कधीं कधीं दिसत नाहीं. अन्ननलिकेंत अडकलेला तुकडा गुंगी देऊन लवचिक दुर्बिणीच्या साहाय्यानें तोंडावाटें काढतात, आणि तें शक्य नसल्यास हलकेच जठरांत लोटतात, कारण तेथील आम्ल पुढचें काम करूं शकतें. भोंक पडलें असेल किंवा आंतडें बंद झालें असेल, तरच शस्त्रक्रियेची पाळी येते. लवकर नेलेल्या कुत्र्याचें काम पुष्कळदां दुर्बिणीवर भागतें. उशिरां नेलेल्यास छाती उघडण्याची वेळ येऊं शकते.

पशुवैद्यानें घरीं ठेवण्यास सांगितलें तर किमान तीन दिवस नीट लक्ष ठेवावें. स्वच्छ पाणी समोर असावें. मऊ भात व बिनमसाल्याचें शिजविलेलें चिकन थोडें थोडें द्यावें. धांवणें, उड्या बंद ठेवाव्या. रोजची विष्ठा पाहणें हें किळसवाणें खरें, पण तीच खरी बातमी देते. पांढरट कण दिसले तर हाड बाहेर पडत आहे असें समजावें. पुन्हां पुन्हां ओकारी, अन्न टाकणें, पोट ताठ होणें अथवा फुगणें, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला व मागील भाग वर असें आळोखून राहणें, काळी डांबरासारखी किंवा रक्तमिश्रित विष्ठा, कुंथूनहि विष्ठा न होणें, फिकट हिरड्या, ताप अथवा सुस्ती, यांपैकीं एकहि लक्षण दिसलें तर घड्याळाकडे न पाहतां निघावें. गुदद्वारांतून हाडाचें टोंक बाहेर दिसलें तरी तें ओढूं नये, व घरीं एनिमा देऊं नये. माणसांसाठीं मिळणारे कांहीं एनिमा लहान कुत्र्याला विषासमान ठरतात.

हें सर्व करावें न लागणें हेंच श्रेयस्कर. आणि त्यासाठीं लागतें तें फार थोडें. पाहुणे जेवावयास बसण्यापूर्वीं कुत्र्याचें जेवण उरकून त्यास दुसऱ्या खोलींत ठेवावें. हाडांसाठीं झांकणाचें भांडें टेबलावरच असावें, आणि तें रिकामें करण्याचें काम एकाच माणसाकडे असावें. बंगल्याच्या राखणदारास व घरांतील मुलांस, “त्याला कांहीं देऊं नका” एवढेंच न सांगतां कां द्यावयाचें नाहीं तेंहि सांगावें, कारण कारण कळलेला माणूस नियम मोडत नाहीं. उष्टें कुंपणाबाहेर फेकूं नये. बाहेरचा कुत्रा तेंच हाड खातो, आणि त्यास रुग्णालयांत नेणारें कोणी नसतें. चघळण्यास कांहीं द्यावयाचेंच असेल तर अंगठ्याच्या नखानें दाबलें असतां ज्यावर खूण उमटते अशीच वस्तु निवडावी; त्याहून कठीण वस्तूनें दांत फुटण्याचें भय असतें.

कुत्रा आपल्या ताटाकडे पाहतो तेव्हां तो हाड मागत नसतो. घरच्या माणसांच्या पंगतींतला आपला वांटा मागत असतो. तो वांटा रश्शांत घालण्यापूर्वीं बाजूला काढून ठेवलेल्या, बिनमसाल्याच्या व बिनहाडाच्या मांसाच्या दोन तुकड्यांनींहि पुरा होतो. आणि इतकें करूनहि एखाद्या रविवारीं तो अपघात घडलाच, तर व्हरांड्यांतल्या त्या चौघांनीं एवढेंच करावें: एकानें कुत्र्याजवळ शांत बसावें, दुसऱ्यानें पशुवैद्याशीं बोलावें, तिसऱ्यानें गाडी काढून ठेवावी, आणि चौथ्यानें टेबलावरचीं उरलेलीं हाडें उचलावीं.